नऊ नोव्हेंबर (जर्मन इतिहासातील)

नऊ नोव्हेंबर : आधुनिक जर्मनीच्या राजकीय इतिहासात वारंवार आढळणारी एक तारीख. १८४८, १९१८, १९२३, १९३८ व १९८९ या पाच वर्षी या तारखेस घडलेल्या घटना जर्मनीतील लोकशाहीचा पहिला पराभव, प्रजासत्ताकाचा जन्म, त्याविरुद्धचे बंड, ज्यूंवरील संघटित अत्याचार आणि बर्लिन भिंतीचे पतन यांच्याशी निगडित आहेत. त्यामुळे जर्मन भाषेत या तारखेस ‘शिक्झाल्सटाग’ म्हणजे नियतीचा दिवस असे म्हटले जाते. ही संज्ञा विशेषतः १९८९ नंतर रूढ झाली. तथापि या पाच घटनांची छाननी केली असता, त्यांच्या एकाच तारखेस घडण्यामागे एकच कारण नाही, असे दिसून येते. काही बाबतींत तो केवळ योगायोग होता. एका बाबतीत मात्र आधीच्या घटनेचा स्मृतिदिन हेच पुढील घटनेचे निमित्त ठरले. कोणती तारीख स्मरावी, कोणती साजरी करावी आणि कोणती टाळावी, हे नियती नव्हे, तर राज्यकर्ते व समाज ठरवीत असतात, याचे नऊ नोव्हेंबर हे एक ठळक उदाहरण होय.

१८४८ : रोबेर्ट ब्लूम यास देहान्त शासन : १८४८ च्या मार्चमध्ये जर्मन भाषिक प्रदेशांत उदारमतवादी क्रांती झाली. तीतून निवडून आलेली पहिली अखिल जर्मन राष्ट्रसभा मे महिन्यात फ्रँकफुर्ट येथील सेंट पॉल चर्चमध्ये भरली. तीतील लोकशाहीवादी डाव्या गटाचा नेता रोबेर्ट ब्लूम (१८०७–४८) हा होता. कोलोन येथील गरीब कुटुंबात जन्मलेला ब्लूम पुढे लाइपसिक येथे स्थायिक झाला व लेखक, प्रकाशक आणि वक्ता म्हणून त्याने लोकप्रियता मिळविली. ऑक्टोबर १८४८ मध्ये व्हिएन्नात सम्राटाच्या सत्तेविरुद्ध उठाव झाला. उठाव करणाऱ्यांना राष्ट्रसभेतील डाव्या गटाचा पाठिंबा कळविण्यासाठी ब्लूम तेथे गेला आणि शहराच्या संरक्षणाच्या लढाईत प्रत्यक्ष सामील झाला. सेनापती विंडिशग्रेट्स याच्या सैन्याने शहर ताब्यात घेतल्यावर त्यास अटक झाली. राष्ट्रसभेच्या सदस्यांस अटकेपासून संरक्षण देणारा कायदा सप्टेंबरमध्येच संमत झाला होता. पण ऑस्ट्रियन लष्करी न्यायालयाने त्याची दखल घेतली नाही. ९ नोव्हेंबरच्या सकाळी व्हिएन्नाजवळ ब्रिगिटनाऊ येथे ब्लूम यास गोळ्या घालून ठार करण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यास एकेचाळीस वर्षे पूर्ण होणार होती.

या घटनेने फ्रँकफुर्टच्या राष्ट्रसभेची दुर्बलता उघड झाली. कायदे करण्याचा अधिकार तिच्याकडे होता. परंतु ते पाळावयास लावणारे सैन्य तिच्याकडे नव्हते. जुन्या राजघराण्यांनी हे ओळखले आणि पुढील वर्षी क्रांती पूर्णपणे दडपण्यात आली. ब्लूमची स्मृती मात्र लोकशाहीवादी व कामगार चळवळींनी जपली. सामाजिक लोकशाही पक्षाचा एक संस्थापक व्हिल्हेल्म लीबक्नेख्ट याने त्याचे चरित्र लिहिले. त्याचाच पुत्र कार्ल लीबक्नेख्ट (१८७१–१९१९) याचे नाव बरोबर सत्तर वर्षांनी याच तारखेशी जोडले गेले.

१९१८ : प्रजासत्ताकाची दुहेरी घोषणा : पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीचा पराभव अटळ झाला असता, नौदलाच्या वरिष्ठांनी ब्रिटिश आरमाराशी अखेरची लढाई देण्याचे आदेश दिले. खलाशांनी ते मानण्यास नकार दिला. व्हिल्हेल्म्सहाफेन येथे सुरू झालेली ही अवज्ञा नोव्हेंबरच्या आरंभी कील बंदरात उघड बंडात परिणत झाली. काही दिवसांतच अनेक शहरांत कामगार व सैनिक यांच्या समित्या स्थापन झाल्या. म्यूनिकमध्ये ७ नोव्हेंबरला बव्हेरियाचे राजघराणे पदच्युत झाले. कैसर दुसरा विल्यम हा त्या वेळी बेल्जियममधील स्पा येथील लष्करी मुख्यालयात होता आणि सिंहासन सोडण्याविषयी त्याचा निश्चय होत नव्हता.

९ नोव्हेंबरला सकाळपासून बर्लिनमधील कारखान्यांचे कामगार रस्त्यावर उतरले व शहरातील सैन्यही त्यांना मिळाले. दुपारी चान्सेलर प्रिन्स माक्स फोन बाडेन याने कैसरच्या अंतिम संमतीची वाट न पाहता त्याने पदत्याग केल्याचे जाहीर केले आणि आपले पद सामाजिक लोकशाही पक्षाचा नेता फ्रीड्रिख एबर्ट (१८७१–१९२५) याच्याकडे सोपविले. दुपारी दोनच्या सुमारास त्याच पक्षाच्या फिलिप शायडेमान याने राइशस्टाग म्हणजे संसदेच्या इमारतीच्या खिडकीतून जमावापुढे जर्मन प्रजासत्ताकाची घोषणा केली. पुढील राज्यव्यवस्थेचा निर्णय निर्वाचित संविधानसभेने घ्यावा, असे मत असलेल्या एबर्टला ही घाई मुळीच रुचली नाही. त्यानंतर सुमारे दोन तासांनी कार्ल लीबक्नेख्टने कैसरच्या राजवाड्यापाशी ‘स्वतंत्र समाजवादी प्रजासत्ताक’ घोषित केले. अशा रीतीने एकाच दिवशी, एकाच शहरात, परस्परविरोधी कल्पनांवर आधारलेली दोन प्रजासत्ताके जाहीर झाली. कैसर दुसऱ्या दिवशी नेदर्लंड्समध्ये आश्रयास गेला आणि २८ नोव्हेंबरला त्याने पदत्यागाच्या लेखावर स्वाक्षरी केली.

या क्रांतीने आठ तासांचा कामाचा दिवस, स्त्रियांना मताधिकार आणि पुढे वायमार संविधान दिले. तरीही नव्या प्रजासत्ताकाने ९ नोव्हेंबर हा आपला राष्ट्रीय दिन मानला नाही. साम्यवाद्यांच्या मते तो अपुऱ्या राहिलेल्या व विश्वासघात झालेल्या क्रांतीचा दिवस होता. जानेवारी १९१९ मध्ये लीबक्नेख्ट व रोझा लक्सेंबुर्ख यांची हत्या झाल्यावर ही कटुता कायमची झाली. राजसत्तावादी व उग्र राष्ट्रवाद्यांच्या दृष्टीने तो देशद्रोहाचा दिवस होता. ११ नोव्हेंबरच्या युद्धविरामाची जबाबदारी वस्तुतः लष्करी पराभवाची होती. परंतु रणांगणात अजिंक्य असलेल्या सैन्याच्या पाठीत देशांतर्गत शत्रूंनी खंजीर खुपसला, अशी दंतकथा सेनानींनी पसरविली आणि प्रजासत्ताकाच्या नेत्यांना ‘नोव्हेंबरचे गुन्हेगार’ ही शिवी मिळाली. युद्धविरामावर स्वाक्षरी करणारा माटिआस एर्झबेर्गर याचा १९२१ मध्ये खून झाला. प्रजासत्ताकवाद्यांनी आपला दिन म्हणून ११ ऑगस्ट ही १९१९ च्या संविधानावर स्वाक्षरी झाल्याची तारीख पुढे केली. ज्या दिवशी प्रजासत्ताक जन्मले, तो दिवस त्याच्या समर्थकांनाही एकमताने साजरा करता आला नाही, ही त्याच्या दुर्बलतेची एक खूणच होती.

१९२३ : म्यूनिकमधील फसलेला उठाव : १९२३ साली फ्रान्स व बेल्जियम यांनी रूर खोरे व्यापले आणि चलनवाढीने परिसीमा गाठली, नोव्हेंबरमध्ये एका अमेरिकन डॉलरची किंमत ४२ खर्व म्हणजे सु. ४,२०,००० कोटी मार्कपर्यंत गेली. बव्हेरियात सत्तेवर असलेला गुस्टाव्ह फोन कार हा उजव्या विचारांचा अधिकारी बर्लिनच्या शासनास जुमानत नव्हता. ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी म्यूनिकमधील ब्युर्गरब्रॉय या बिअरगृहात त्याची सभा चालू असता, आडोल्फ हिटलर (१८८९–१९४५) सशस्त्र अनुयायांसह आत घुसला. नोव्हेंबरच्या गुन्हेगारांचे सरकार बरखास्त झाल्याचे त्याने जाहीर केले आणि माजी सेनानी ल्यूडेंडोर्फ यास आपल्या बाजूस घेतले. दबावाखाली दिलेला पाठिंबा कार व त्याच्या सहकाऱ्यांनी रात्रीतच मागे घेतला. ९ नोव्हेंबरला दुपारी सु. दोन हजार बंडखोरांचा मोर्चा शहरातील फेल्डहेर्नहाले या स्मारकाजवळ आला असता पोलिसांशी त्याची चकमक झाली. तीत चार पोलीस मृत्युमुखी पडले. आपले सोळा अनुयायी या उठावात मारले गेले, असे नाझी पक्षाने पुढे सांगितले. हिटलर पळून गेला व दोन दिवसांनी पकडला गेला. राजद्रोहाबद्दल त्यास पाच वर्षांची शिक्षा झाली. परंतु डिसेंबर १९२४ मध्येच तो मुक्त झाला.

उठावाचा शेवट ज्या तारखेस झाला, ती कोणी मुद्दाम निवडली नव्हती. कारच्या सभेमुळे मिळालेली संधी हिटलरने साधली होती. पण त्याचा हेतू १९१८ ची क्रांती उलटविण्याचा होता आणि तिला त्याच दिवसांत पाच वर्षे पूर्ण होत होती. त्यामुळे या तारखेचा प्रचारासाठी उपयोग करणे पक्षास सोपे गेले. १९३३ मध्ये सत्तेवर आल्यानंतर नाझींनी या पराभवाचे रूपांतर वार्षिक विधीत केले. दरवर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री हिटलर त्याच बिअरगृहात जुन्या सहकाऱ्यांपुढे भाषण करी आणि दुसऱ्या दिवशी मूळ मोर्चाच्या मार्गाने संचलन होई. १९३५ मध्ये त्या सोळा मृतांच्या शवपेट्या म्यूनिकच्या क्यॉनिग्झप्लाट्स या चौकात खास उभारलेल्या वास्तूंत ठेवण्यात आल्या. अशा रीतीने प्रजासत्ताकाने न जोपासलेली तारीख त्याच्या शत्रूंनी आपलीशी केली.

या विधीच्या नेमकेपणाचा उपयोग हिटलरच्या एका विरोधकानेही केला. गेओर्ग एल्झर या सुतारकाम करणाऱ्या कारागिराने अनेक रात्री बिअरगृहात लपून व्यासपीठामागील खांबात कालबाँब बसविला. ८ नोव्हेंबर १९३९ रोजी त्याचा स्फोट झाला. हिटलर मात्र नेहमीपेक्षा लवकर निघाल्याने तेरा मिनिटांच्या अंतराने बचावला. स्फोटात आठ जण मरण पावले. एल्झर यास एप्रिल १९४५ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत ठार मारण्यात आले.

१९३८ : ज्यूंवरील संघटित अत्याचार : या तारखेस घडलेल्या घटनांपैकी सर्वांत भीषण घटना १९३८ ची होय आणि आधीच्या घटनेशी प्रत्यक्ष कार्यकारण संबंध असलेली घटनाही हीच. ऑक्टोबरच्या अखेरीस जर्मन शासनाने सु. सतरा हजार पोलिश ज्यूंना सक्तीने सीमेपार हाकलले. त्यांत हेर्शल ग्रिन्श्पान या सतरा वर्षांच्या तरुणाचे कुटुंबीय होते. पॅरिसमध्ये राहणाऱ्या ग्रिन्श्पानने ७ नोव्हेंबरला तेथील जर्मन वकिलातीतील एर्न्स्ट फोम राट या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या; ९ नोव्हेंबरला फोम राट मरण पावला. ही वार्ता त्या रात्री म्यूनिकला पोहोचली, तेव्हा देशभरातील नाझी पुढारी १९२३ च्या उठावाच्या स्मृतिदिनासाठी तेथील जुन्या नगरभवनात एकत्र जमलेले होते. हिटलरशी बोलणे झाल्यावर प्रचारमंत्री योझेफ गोबेल्स याने त्यांच्यापुढे चिथावणीखोर भाषण केले. जमलेल्या पुढाऱ्यांनी तेथूनच दूरध्वनीद्वारे आपापल्या प्रदेशांतील दलांना आदेश पाठविले. लोकक्षोभाचा उद्रेक म्हणून जे जगापुढे मांडण्यात आले, ते प्रत्यक्षात वरून आलेल्या आज्ञेचे पालन होते आणि ती आज्ञा एका रात्रीत सर्वत्र पोहोचू शकली, याचे एक कारण हा स्मृतिदिनाचा मेळावा होय.

जर्मनी तसेच त्याच वर्षी बळकावलेल्या ऑस्ट्रिया व सुडेटनलँड या प्रदेशांत चौदाशेहून अधिक सिनेगॉग व प्रार्थनागृहे उद्ध्वस्त झाली. ज्यूंची सु. साडेसात हजार दुकाने फोडण्यात आली. आग शेजारच्या इमारतींना लागू नये एवढीच दक्षता घेण्याची सूचना अग्निशामक दलांस होती. शासनाने ९१ मृत्यू मान्य केले. परंतु आत्महत्या व छावण्यांतील मृत्यू धरता ही संख्या कितीतरी अधिक होती. सु. तीस हजार ज्यू पुरुषांना डाखाऊ, बूखेनव्हाल्ट व झाक्सेनहाउझेन या छळछावण्यांत डांबण्यात आले. यानंतर झालेल्या नुकसानीची जबाबदारी ज्यूंवरच टाकून त्यांच्यावर शंभर कोटी राइशमार्कचा दंड बसविण्यात आला, त्यांना मिळणारी विम्याची रक्कम शासनाने जप्त केली आणि देशाच्या आर्थिक जीवनातून त्यांना वगळण्यात आले. रस्त्यांवर पडलेल्या काचांच्या खचामुळे या रात्रीस ‘क्रिस्टालनाख्ट’ म्हणजे स्फटिकरात्र असे नाव पडले. हत्या व अपमान यांवर पांघरूण घालणारे हे नाव अलीकडे बहुधा टाळले जाते व त्याऐवजी ‘नोव्हेंबर पोग्रोम’ हा शब्द वापरला जातो. कायद्याच्या आडून होणाऱ्या छळाकडून उघड हिंसेकडे झालेले हे संक्रमण पुढील वंशसंहाराच्या दिशेने पडलेले पाऊल होते.

विभाजित जर्मनीतील स्मरण : दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची दोन राज्ये झाली आणि या तारखेचीही विभागणी झाली. पूर्व जर्मनीने १९१८ च्या घटनेतील लीबक्नेख्टचा वारसा आपला मानला. युद्धात हानी पोहोचलेला कैसरचा राजवाडा त्या शासनाने १९५० मध्ये पाडला. पण लीबक्नेख्टच्या घोषणेशी निगडित मानलेले त्याचे प्रवेशद्वार जपून पुढे राज्यपरिषदेच्या नव्या इमारतीत बसविले. पश्चिम जर्मनीत १९३८ चे स्मरण प्रथम ज्यू समाजापुरतेच राहिले व हळूहळू सार्वजनिक झाले. हे स्मरण किती नाजूक होते, याचा प्रत्यय १९८८ मध्ये आला. पोग्रोमच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त बुंडेस्टागचा अध्यक्ष फिलिप येनिंगर याने १० नोव्हेंबरला केलेल्या भाषणात, हिटलरविषयी सामान्य जर्मनांना वाटलेल्या आकर्षणाचे विवेचन केले. परंतु त्या काळची विचारसरणी व वक्त्याचे स्वतःचे मत यांतील अंतर श्रोत्यांना स्पष्ट जाणवले नाही. अनेक सदस्य सभागृह सोडून गेले आणि दुसऱ्याच दिवशी येनिंगर यास राजीनामा द्यावा लागला.

१९८९ : बर्लिन भिंतीचे पतन : त्यानंतर एका वर्षाने या तारखेस सर्वस्वी वेगळा अर्थ प्राप्त झाला. १३ ऑगस्ट १९६१ पासून उभी असलेली भिंत ओलांडण्याच्या प्रयत्नांत व तिच्याशी संबंधित अन्य घटनांत किमान १४० जणांनी प्राण गमावले होते. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये हंगेरीने आपली सीमा पूर्व जर्मन नागरिकांसाठी खुली केली. ९ ऑक्टोबरला लाइपसिकमध्ये सु. सत्तर हजार लोकांनी शांततेने मोर्चा काढला व शासनाला त्यावर शस्त्र चालविण्याचे धैर्य झाले नाही. १८ ऑक्टोबरला एरिख होनेकर पायउतार झाला. नव्या नेतृत्वाने परदेशप्रवासाचे नियम शिथिल करण्याचे ठरविले. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पक्षाचा प्रवक्ता ग्यूंटर शाबोव्हस्की याने वार्ताहर परिषदेच्या अखेरीस हे नियम वाचून दाखविले. ते दुसऱ्या दिवशी लागू व्हावयाचे होते आणि प्रवासासाठी रीतसर अर्ज करणे आवश्यक होते. परंतु ते केव्हापासून लागू होणार, या प्रश्नास उत्तर देताना, पूर्ण माहिती नसलेल्या शाबोव्हस्कीने, आपल्या समजुतीप्रमाणे ताबडतोब, असे सांगितले.

ही परिषद दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपित होत होती. पश्चिमेकडील वृत्तप्रसारणांतून सीमा खुली झाल्याची बातमी पसरताच हजारो लोक सीमानाक्यांवर जमले. पहारेकऱ्यांना कोणताही आदेश मिळालेला नव्हता. रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्यावरील नाक्याचा अधिकारी हाराल्ट येगर याने, वरिष्ठांकडून स्पष्ट सूचना मिळत नाही असे पाहून, स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडले. मध्यरात्रीनंतर इतर नाकेही उघडले गेले. एकही गोळी झाडली गेली नाही. अनेक महिन्यांचे जनआंदोलन, शासनाचा गोंधळ आणि एका अधिकाऱ्याचा विवेक यांमुळे ही घटना त्या रात्री घडली. तारीख मात्र निव्वळ योगायोगाने जुळली.

राष्ट्रीय दिनाचा प्रश्न : १९९० मध्ये एकीकरण होत असता, राष्ट्रीय दिन कोणता असावा, हा प्रश्न उपस्थित झाला. भिंत उघडण्याचा दिवस लोकांच्या भावनेस सर्वांत जवळचा होता. परंतु सिनेगॉग जाळल्याच्या दिवशी आतषबाजी करणे अनेकांना अनुचित वाटले. पूर्व जर्मनीच्या संसदेने २३ ऑगस्ट १९९० रोजी पश्चिम जर्मनीच्या संघराज्यात सामील होण्याचा निर्णय घेतला व त्यासाठी ३ ऑक्टोबर ही तारीख निश्चित केली. तीच राष्ट्रीय सुटी झाली. तीमागे राजनैतिक वेळापत्रकापलीकडे कोणतीही स्मृती नाही. म्हणूनच ती रुक्ष असल्याची टीका होते आणि म्हणूनच ती सर्वमान्यही झाली. नाझी अत्याचारांच्या बळींसाठी १९९६ पासून २७ जानेवारी हा आउश्व्हिट्स छावणीच्या मुक्ततेचा दिवस पाळला जातो.

नऊ नोव्हेंबर मात्र सुटी नसतानाही पाळला जात आहे. म्यूनिकमधील नव्या मुख्य सिनेगॉगची कोनशिला ९ नोव्हेंबर २००३ रोजी बसविण्यात आली. त्या समारंभावर हल्ला करण्याचा नवनाझी गटाचा कट पोलिसांनी आधीच उघडकीस आणला होता. ९ नोव्हेंबर २००६ रोजी हे सिनेगॉग खुले झाले. ज्या शहरातून ती उद्ध्वस्त करण्याचे आदेश निघाले, तेथेच ही तारीख बुद्धिपुरस्सर निवडण्यात आली. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रांक-व्हाल्टर श्टाइनमायर याने बुंडेस्टागमध्ये १९१८ च्या शताब्दीनिमित्त बोलताना, लोकशाहीच्या प्रारंभाचा अभिमान व १९३८ ची लज्जा या दोहोंचे स्मरण एकत्रच करावे लागते, या आशयाचे विचार मांडले. दरवर्षी या दिवशी अनेक गावांतील नागरिक, हद्दपार झालेल्या ज्यूंच्या घरांपुढे फरसबंदीत बसविलेले नामांकित पितळी फलक घासूनपुसून स्वच्छ करतात आणि बर्लिनमध्ये बेर्नाउअर रस्त्यावर भिंतीच्या शिल्लक भागाच्या फटींत गुलाबाची फुले खोवली जातात.